जांभ्या मातीत सान मार्झानो आणि चेरी टोमॅटो: लागवडीचे अनुभव आणि बियाण्यांची देवाणघेवाण

परसूकार

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, पावसाचा जोर ओसरू लागला, आणि दिवाळीच्या सुमारास रोपे जमिनीत जायला हवी असतील तर बिया आत्ताच पेरायला हव्यात, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे परसू गोव्यातील बार्देशात, जांभ्या दगडाच्या उतारावर आहे. गेल्या हंगामात मी तिथे सान मार्झानो या लांबट, गरदार इटालियन वारसा वाणाची (पिढ्यानपिढ्या बी राखून चालत आलेल्या वाणाची) बारा रोपे लावली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतील नऊ रोपांनी, अंगावर हिरवीगार पाने असतानाच, भर दुपारी माना टाकल्या. संध्याकाळी ती थोडी सावरली आणि चौथ्या दिवशी कायमची गेली. उरलेल्या तिघांवर फळे धरली खरी, पण निम्म्या फळांचे बूड काळे पडून बसले. याउलट न्हाणीच्या मागे, कोणी न लावलेले एक चेरी टोमॅटोचे झाड सांडपाण्यावर वाढले, पेरूच्या फांदीवर चढले आणि मे महिन्यापर्यंत मूठ मूठ फळे देत राहिले.

माझे दोन प्रश्न आहेत. गर काढण्याजोगे टोमॅटो आपल्या मातीत टिकवण्याचा कोणाचा यशस्वी अनुभव आहे का? आणि दुसरे म्हणजे, माझ्याकडे या दोन्ही झाडांच्या बिया आहेत व त्या मला वाटायच्या आहेत; पण ज्या वाणाची बारापैकी नऊ रोपे मेली, त्याच्या बिया दुसऱ्याच्या हातात ठेवताना काय सांगून ठेवाव्यात?

कुळागरकार

लक्षणे जीवाणूजन्य मर रोगाची दिसतात, परंतु खात्री करून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या वेळी रोपाने मान टाकली की जमिनीलगतचे बोटभर खोड कापा आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात, कापलेले तोंड बुडेल असे, न हलवता धरून ठेवा. राल्स्टोनिया सोलॅनेसिएरम हा जीवाणू असेल तर काही मिनिटांतच त्या तोंडातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा उदबत्तीचा धूर वर जायचा सोडून खाली चालला आहे, असे वाटले होते. धागा दिसला नाही तर कारण बुरशी, सूत्रकृमी किंवा आणखी काही असू शकते, आणि मग उपायही बदलतो.

हा जीवाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतो, उष्ण आणि ओलसर जमीन त्याला मानवते, आणि फवारणीने तो जात नाही. त्यामुळे दुकानदार पुढे करील ती बाटली विकत घेण्याआधी पेल्यातले पाणी पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे.

आगशीकर

परसूकार, त्या जागी आधी काय होते हे तुम्ही लिहिलेले नाही. वांगी किंवा मिरच्या होत्या का? टोमॅटो, वांगे, मिरची आणि बटाटा ही एकाच घराण्यातील भावंडे असून हा रोग ती एकमेकांना वारशाने देतात.

आमच्याकडे वडीलधारी माणसे भाजीचा वाफा भात कापलेल्या शेतातच घालत असत. त्यामागचे कारण मला फार उशिरा कळले. पावसाळाभर पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत या जीवाणूचे प्रमाण बरेच घटते, आणि म्हणूनच टोमॅटोच्या आधी भात घ्यावा असे कृषितज्ज्ञही सांगतात. मी गेली सहा वर्षे रोमा हा गरदार टोमॅटो त्याच पद्धतीने लावतो. शेकड्यात पाच-सात रोपे जातात, त्याहून अधिक नाहीत.

परसूकार

आगशीकर, तुमचा बाण बरोबर बसला. त्या जागी लागोपाठ दोन वर्षे मिरची होती.

मोरोडावरचा

ज्याच्याकडे खाचर आहे त्याने हा सल्ला जरूर पाळावा, पण आमच्या मोरोडावर, म्हणजे उंचवट्याच्या कोरड्या जमिनीवर, ओतलेले पाणी पाच मिनिटे थांबत नाही. तिथे ते चार महिने साचवायचे कसे? मी हात टेकले आणि रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्यांकडे वळलो. बुडाला भोके पाडायची, आत काथ्याचा भुसा, गांडूळ खत आणि धुतलेली वाळू भरायची, आणि परसातील मातीचा कणही आत जाऊ द्यायचा नाही. बादल्या सरळ जमिनीवर न ठेवता दगडांवर ठेवाव्यात, नाहीतर मुळे भोकांतून खाली उतरून पुन्हा त्याच मातीला भेटतात. माझी दोन रोपे अशीच गेली आणि मला महिनाभर उलगडा होत नव्हता.

मर थांबली, मात्र बूड काळे पडण्याचा त्रास बादलीत दुप्पट झाला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

काणकोणची बाय

बूड काळे पडणे हा मुळात रोग नसून फळाच्या टोकापर्यंत चुना, म्हणजे कॅल्शियम, न पोहोचण्याचा परिणाम आहे. लांबट फळांना तो अधिक होतो आणि सान मार्झानो तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. आपली माती आम्लधर्मी, त्यात मुसळधार पावसाने कॅल्शियम धुऊन गेलेले. शिवाय कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतो, त्यामुळे एक दिवस भरपूर पाणी आणि दोन दिवस कोरडे असा कारभार असेल तर मातीत चुना असूनही फळ उपाशी राहते. मोरोडावरचा यांच्या बादल्यांत हेच होत असावे.

मी रोपे लावण्याच्या तीन आठवडे आधी शिंपल्यांचा चुना मातीत मिसळते. तो शेणखताबरोबर एकाच दिवशी टाकू नये, कारण खतातील नत्र वायुरूपाने उडून जाते. नंतर बुडाशी माडाच्या सुक्या सोडणांचे आच्छादन घालते आणि सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे पाणी देते. पहिल्या घोसाची दोन-चार फळे तरीही काळी पडतात; ती तोडून टाकावीत व मन घट्ट करावे.

पणजीचा निरीक्षक

व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी, राखेच्या गादीवर वाढलेल्या राजपुत्राला आपण जांभ्यावर उभे केले, वर चुलत्यांचा रोग दिला, आणि आता तो मान का टाकतो असे विचारत आहोत.

म्हापसेकर

विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण बियाणे वाटताना शब्द नेमके असायला हवेत. युरोपीय संघाने 1996 साली सान मार्झानोला जे भौगोलिक संरक्षण दिले ते नेपल्सजवळच्या सार्नो-नोचेरा भागातील उत्पादनाला आहे. आपल्या परसात त्याच वाणाचे बी अवश्य लावावे, पण फळाला तो मान मिळणार नाही.

आगशीकर लावतात तो रोमा वारसा वाण नव्हे. तो अमेरिकेच्या कृषी खात्याने 1950च्या दशकात तयार केलेला आहे. तो सरळ वाण आहे, म्हणजे त्याच्या बियांतून तसेच झाड येते, आणि बी राखणाऱ्याला एवढे पुरेसे असते. प्रत्येक वारसा वाण सरळ असतो, पण प्रत्येक सरळ वाण वारसा नसतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का आभा हाही सरळ वाण आहे आणि तो जीवाणूजन्य मर रोगाला प्रतिकार करतो. त्याच संस्थेचा अर्का रक्षक मात्र संकरित आहे, त्याचे बी राखून उपयोग नाही.

आगशीकर

म्हापसेकर, माझ्या रोमाला वारसा म्हणायचे की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या मुलाने तो माझ्याकडून घेतला आहे आणि नातवाने त्याची फळे चोरली आहेत.

गावठी बरे

मला या सगळ्या खटाटोपाचा अर्थच लागत नाही. आपल्याकडे आठवड्याच्या बाजारात बायका अजूनही चपटा, कंगोरे असलेला, आंबट गावठी टोमॅटो टोपलीत घेऊन बसतात. तो येथील पावसाळा आणि येथील माती पाहून टिकलेला आहे. त्याचे बी कोणी राखत नाही आणि आपण मात्र इटलीतील वाणाच्या चिंतेने रात्री जागतो. परसूकार यांच्या न्हाणीमागे जे झाड उभे राहिले तेच खरे वारसा वाण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हापसेकर

गावठी टोमॅटो राखावा याबद्दल दुमत नाही. पण टोमॅटोच मुळी अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांनी आला. मिरची, काजू, अननस आणि पपईही तशीच आली. कोण किती पिढ्यांचा गावकर, हा वाद टोमॅटोच्या बाबतीत काढला तर आपल्या सर्वांचे परसू रिकामे होईल.

पेडण्याची मावशी

आमच्या सासूबाईंनी टोमॅटोला देवाच्या नैवेद्यात कधीच येऊ दिले नाही आणि हुमणातही (माशांच्या आमटीतही) नाही. आंबटपणासाठी सोलां (आमसुले), चिंच, बिमली, कैरी एवढे सगळे घरात असताना हा तांबडा पाहुणा कशाला, असे त्या म्हणत. मीही हुमणात टोमॅटो घालत नाही. सार मात्र करते.

पण गर काढण्याच्या टोमॅटोंचा खरा उपयोग पुरुमेतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीसाठी, आहे, हे कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. मार्चच्या उन्हात, फळे उभी चिरून, बियांचा भाग काढून, मीठ लावून सुपात घालायची आणि वर जुन्या साडीचा पातळ पदर बांधायचा. रस्त्यावर मिळणारा पाणीदार टोमॅटो असा सुकवायला गेले तर नुसते साल उरते. रोमा किंवा सान मार्झानो पाच किलो घेतले तर जेमतेम चारशे ग्रॅम उरतात, पण जुलैमध्ये त्याची चटणी ताटात पडते. 2023च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून गेले तेव्हा माझी बरणी पाहायला शेजारणी येत होत्या.

आणि परसूकार, बियांचा जो भाग आम्ही काढून टाकतो तोच तुम्हाला हवा असतो. पुढच्या वर्षी तो तुम्हीच येऊन घेऊन जा.

वाळपईची सून

मर रोगावर आणखी एक उपाय आहे, तो म्हणजे वांग्याच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, टोमॅटोचे कलम. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्र ईजी 203 नावाच्या वांग्याच्या खुंटाची शिफारस करते. आपल्याकडे रानवांग्यावरही कलम करतात. मी ईजी 203 मिळवू शकले नाही, म्हणून रानवांग्यावर प्रयत्न केला.

पहिल्या वर्षी वीसपैकी तीन कलमे जगली. चूक माझी होती. रानवांग्याचे बी उगवायला आणि वाढायला इतका वेळ घेते की टोमॅटोची रोपे त्याआधीच जाड होऊन बसली, आणि दोन्ही खोडांची जाडी सारखी नसेल तर कलम धरत नाही. दुसऱ्या वर्षी मी रानवांगे सहा आठवडे आधी पेरले, पेन्सिलीच्या शिसाएवढी खोडे झाल्यावर दोन्ही तिरकी कापली, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चिरून सांध्यावर चढवली आणि ट्रे सावलीत, झाकलेल्या प्लास्टिकच्या डब्यात आठवडाभर ठेवला. वीसपैकी तेरा जगली.

सांधा मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी. मी एका कलमाला मायेने माती चढवली. टोमॅटोने सांध्याच्या वरून स्वतःची मुळे सोडली, ती जमिनीत गेली, आणि पंधरा दिवसांत ते रोप इतरांच्याच वाटेने गेले.

मडगावची गच्ची

माझी कथा चेरी टोमॅटोची आहे. एका पाकिटावर वारसा वाण असे छापलेले पाहून मी ऑनलाइन बिया मागवल्या. पहिल्या वर्षी नारिंगी, मधासारखी गोड फळे आली. मी आनंदाने बी राखले आणि इमारतीतील सात घरांना वाटले. दुसऱ्या वर्षी एकाकडे तांबडी आली, एकाकडे पिवळी, एकाकडे आंबट, आणि तळमजल्यावरील आजोबांकडे बोराएवढी कडक फळे आली, जी त्यांनी मला आणून दाखवली. फळाच्या वर्णनावरून ते सनगोल्डसारखे जपानी संकरित वाण असावे, असे एका जाणकाराने सांगितले. आजोबा अजूनही लिफ्टमध्ये भेटले की यंदा काय वाटणार आहात असे विचारतात.

तेव्हापासून मी पहिल्या वर्षी बी वाटत नाही. स्वतः एकदा पेरून, सगळी झाडे सारखी आली तरच पुढे देते.

बुलबुल

परसूकार यांच्या न्हाणीमागचे झाड माझ्या नातेवाइकांनी लावले आहे. आम्ही पाकीट न छापता आणि कोणाला न विचारता बियाणे वाटतो, आणि लिफ्टमध्ये आम्हाला कोणी गाठत नाही.

दूरदेशी बाणावलीकर

मी लिस्बनजवळ राहतो. येथे बैलाचे काळीज या अर्थाचे नाव असलेला, भरपूर गराचा आणि कमी बियांचा एक जुना वाण घरोघरी असतो. डिसेंबरमध्ये मी घरी येत आहे. कोणाला हवा असेल तर एका लखोट्यात पन्नास बिया सहज आणता येतील.

कीस काढणारा

कृपया आणू नयेत. आयात होणाऱ्या बियांना 2003च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि ज्या देशातून बी येते तेथील वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि पन्नास बिया म्हणजे किरकोळ बाब असा त्यात अपवाद नाही. हा केवळ कागदी घोडा नव्हे. टोमॅटोचे काही विषाणू आणि जीवाणू बियांच्या सालीवर बसून प्रवास करतात.

देशातल्या देशात मात्र आपल्याला मोकळीक आहे. 2001च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचे कलम 39 शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, इतकेच नव्हे तर विकण्याचाही हक्क देते. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या पाकिटात घालून विकायचे नाही, एवढीच अट आहे.

दूरदेशी बाणावलीकर

समजले. मग मी फक्त वजन वाढवून येतो.

बीजपेटी

धागा वाचताना एक गोष्ट खटकली. अनेक जण बियांऐवजी रोपेच वाटतात, आणि ते अधिक आपुलकीचे वाटते हे खरे. पण मर रोगाचा जीवाणू बियांपेक्षा माती, पाणी आणि रोपांच्या मुळांतून अधिक पसरतो. ज्याच्या परसात मर आहे त्याने कोणालाही रोप देऊ नये. बी द्यावे, आणि तेही निरोगी झाडाचे.

माझी पद्धत अशी आहे. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे, रस आणि बिया काचेच्या बरणीत काढाव्यात आणि दोन-तीन दिवस झाकून आंबू द्याव्यात. वर पांढुरकी साय येते आणि घरातील माणसे नाक मुरडतात. तेव्हा बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटलेले असते. ते राहिले तर बी नीट रुजत नाही. मग भरपूर पाण्याने धुवावे, तळाला बसलेल्या बिया घ्याव्यात आणि स्टीलच्या ताटलीत, सावलीत, दिवसातून दोनदा बोटाने मोकळ्या करीत वाळवाव्यात. कागदावर वाळवल्या तर त्या चिकटतात आणि पुढच्या वर्षी कागदासकट पेराव्या लागतात. ज्यांना बियांवरून येणाऱ्या जीवाणूंची धास्ती आहे त्यांनी थर्मामीटर लावून 50 अंशांच्या पाण्यात 25 मिनिटे बिया ठेवाव्यात. अंदाजाने गरम केलेले पाणी बियांची उसळ करते.

आपल्या दमट हवेत खरी परीक्षा यानंतरच असते. घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवलेले बी चार-पाच वर्षे चांगले रुजते. कागदाच्या पुडीत स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेले एका पावसाळ्यात हातचे जाते.

संकराबद्दल सांगायचे तर टोमॅटो बहुतांशी स्वतःच स्वतःचे परागण करतो, पण नेहमीच नाही. निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला बिलगून गुणगुणते आणि पराग झाडते, तीच पुढच्या फुलावर जाते. बारीक फळांच्या रानटी जातींमध्ये तर स्त्रीकेसर बाहेर डोकावत असल्यामुळे संकर अधिक होतो. ज्या घोसाचे बी घ्यायचे त्यावर फुले उमलण्याआधीच मलमलीची पिशवी बांधावी, फळ धरल्यावर ती काढून तिथे रंगीत दोरा बांधावा.

मोरोडावरचा

बीजपेटी, दोरा बांधण्याची सूचना मोलाची आहे. मी न बांधल्यामुळे बियांसाठी राखलेले फळ पाहुण्यांच्या कोशिंबिरीत गेले.

काणकोणची बाय

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग अजून कोणी सोडवलेला नाही. माझ्या मते पाकिटावर वाणाचे नाव शेवटी लिहावे. बी कोणत्या वर्षीचे आहे, किती झाडे लावली आणि किती जगली, माती कोणती होती, शेजारी दुसरे टोमॅटो होते की नाही, आणि घोसाला पिशवी बांधली होती की नाही, हे आधी यावे. बारापैकी नऊ मेली हे लपवण्याची गरज नाही. रोगट जमिनीत तगलेल्या तीन झाडांचे बी मला नव्या पाकिटातील बियांपेक्षा अधिक हवे आहे. ती झाडे प्रतिकारक असतील असे नाही, कदाचित केवळ नशीबवान असतील, पण त्यांची परीक्षा घेण्यासारखी आहे.

गावठी बरे

काणकोणची बाय यांच्याशी सहमत आहे. परसूकार, न्हाणीमागच्या चेरीचे एक पाकीट मला हवे. बदल्यात बाजारातील टोपलीवाल्या बाईंकडून घेतलेल्या गावठी टोमॅटोचे बी देईन. आणि सान मार्झानोचेही एक द्या; कोणाला सांगू नका.

परसूकार

सर्वांचे मनापासून आभार. मी पाकिटे अशी तयार केली आहेत. चेरीवर लिहिले आहे: न्हाणीमागचे, एकच झाड, कोणी लावले माहीत नाही, पिशवी बांधली नव्हती, सर्व झाडे सारखी येतील अशी हमी नाही. सान मार्झानोवर लिहिले आहे: बारापैकी तीन झाडे तगली, आधी दोन वर्षे मिरची, बूड काळे पडते, चुना लागेल. प्रत्येकी वीस बियांची अठरा पाकिटे आहेत. पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला मी येणारच आहे. ज्यांना हवी आहेत त्यांनी निरोप पाठवावा. मी स्वतः यंदा सहा रोपे बादल्यांत आणि सहा जमिनीत, मिरचीपासून दूर, लावणार आहे.

परसूकार

डिसेंबर लागला म्हणून धागा वर आणत आहे. बादल्यांतील सहाही रोपे फुलावर आहेत. जमिनीतील एकाने काल दुपारी मान टाकली. कुळागरकार यांनी सांगितल्याप्रमाणे खोड कापून पेल्यात धरले आणि अर्धा तास टक लावून बसलो; पाणी शेवटपर्यंत नितळ राहिले. मग बुडाशी खणले, तर मुळांच्या जागी घुशीचे बीळ निघाले. आता पुढच्या वर्षीच्या पाकिटावर काय लिहावे?

पणजीचा निरीक्षक

सहापैकी एक घुशीने पसंत केले.